मुखपृष्ठावर नसलेली नावे

फॅशनच्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांविषयी आपल्या समाजात जे काही बोलले जाते ते बहुतांशी कापडाच्या मापाविषयी असते. पदर किती ढळला, पाठ किती उघडी राहिली, गुडघा दिसतो की झाकला आहे, एवढ्या मोजमापावर आपला निवाडा होतो. उपवासकाळात एखाद्या प्रवचनात हा विषय निघतो, पालकांच्या सभेत पुन्हा निघतो, आणि दर वेळी शिंप्याची फीत काढून, कापड चार बोटे कमी भरले म्हणून हळहळून आपण समाधानाने घरी परततो. आमच्या धर्मगुरूंविषयी पूर्ण आदर राखून आम्हांला म्हणावयाचे आहे की ही फीत चुकीच्या जागी लावली जात आहे. ज्या मुखपृष्ठावरील नटी गळ्यापासून टाचांपर्यंत रेशमात गुंडाळलेली असते, ते मुखपृष्ठही आपल्या मुलीबाळींचे तितकेच अहित करू शकते. किंबहुना अधिक, कारण त्याला कोणी हरकत घेत नाही आणि ते उजळ माथ्याने दिवाणखान्यात येऊन बसते.

फितीचा हा मोह जुना आहे. १९९५ साली टफ्स नावाच्या बुटांची एक जाहिरात नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. मधु सप्रे आणि मिलिंद सोमण या दोघांनी तीत पायांत बूट घातले होते, अंगाभोवती अजगर होता आणि वस्त्र नव्हते. महाराष्ट्रात गदारोळ उठला, खटला भरला गेला, आणि तो रेंगाळत रेंगाळत २००९ साली निर्दोष सुटकेने संपला. चौदा वर्षे वस्त्राच्या अभावावर खल झाला. ज्या बुटांसाठी हा सगळा देखावा मांडला होता ते बूट कोणी शिवले आणि शिवणाऱ्याच्या हाती काय पडले, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनाला शिवला नाही.

याहून बोलके उदाहरण आपल्याच घरातले आहे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले अँजेलो दा फोन्सेका हे शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढला. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली. ती मरिया आपल्या आयाबहिणींसारखी दिसते, अंगभर पदर घेते, बाळाला कडेवर घेऊन उभी राहते. तरीही स्वधर्मीयांनीच नाके मुरडली. कारण तो पोशाख युरोपातून आलेला नव्हता. अंग झाकलेले असूनही फीत समाधानी झाली नाही. फीत हाती धरणाऱ्याला कापड कधीच पुरत नाही, हे आपण फोन्सेकांच्या बाबतीत एकदा दाखवून दिलेलेच आहे.

मग मुखपृष्ठाचा खरा दोष कोणता? आमच्या मते तो असत्याचा आहे. ते पुष्कळ हातांनी घडवलेली वस्तू समोर ठेवते आणि ही एका स्त्रीची उपजत देणगी आहे असे भासवते.

मुखपृष्ठ तयार कसे होते ते जाणून घेणे उपयोगाचे आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी की नटी आपल्या कपाटातला चांगला पोशाख घालून छायाचित्रकारापुढे उभी राहते. तो पोशाख तिचा नसतो. कपड्यांच्या घराण्यांकडून तो काही दिवसांसाठी उसना आणला जातो आणि काम होताच परत जातो. दागिने तसेच, पादत्राणे तशीच. तो पोशाख बहुधा एका ठरावीक सडपातळ मापाचा नमुना असतो. अंगावर सैल झाला तर पाठीमागून चिमटे लावून ताणून धरतात, घट्ट झाला तर मागची शिवण उघडी ठेवतात. पुढून जी कमनीय कंबर दिसते तिच्या मागे कपडे वाळत घालताना लावतात तसल्या चिमट्यांची रांग असू शकते. केशभूषाकार, रंगभूषाकार, वेशभूषा ठरवणारा, प्रकाश धरणारी मुले, अशी दहाबारा माणसे तासन्‌तास राबतात. एवढे होऊनही चित्र पुरे होत नाही. ते संगणकावर जाते. तिथे डोळ्यांखालची वर्तुळे पुसली जातात, मान उंच होते, वर्ण उजळतो. २००३ साली केट विन्स्लेट या ब्रिटिश अभिनेत्रीने एका मासिकाच्या मुखपृष्ठावरचे आपले शरीर आपले नव्हेच असे उघडपणे सांगितले. २०१७ साली लुपिता न्योंगो या अभिनेत्रीचे कुरळे केस ब्रिटनमधील ग्राझिया मासिकाने मुखपृष्ठावरून चक्क पुसून टाकले, आणि तिने जाहीर निषेध केल्यावर छायाचित्रकाराला क्षमा मागावी लागली. जिचे चित्र तिलाही ते परके वाटावे, मग विकत घेणारीची काय कथा?

फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून असा नियम लागू केला की जाहिरातीतील ज्या छायाचित्रात मॉडेलचे शरीर कृत्रिमरीत्या बारीक वा जाड केले असेल, त्यावर तसे लिहिले पाहिजे. नियम स्तुत्य आहे. परंतु तो जाहिरातींच्या छायाचित्रांसाठी आहे, आणि मुखपृष्ठ ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरात ठरत नाही. ती जाहिरातच आहे हे विक्रेत्याला मात्र पक्के ठाऊक असते.

सामाजिक संपर्क माध्यमांसाठी असलेल्या व्हॅटिकनच्या परिषदेने १९९७ साली जाहिरातींतील नीतिमत्तेविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात तीन कसोट्या सांगितल्या आहेत: सत्यनिष्ठा, मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी. स्त्रीला वस्तू बनवण्याविरुद्ध त्यात स्पष्ट शब्द आहेत आणि प्रवचनांतून ते आपल्या कानी पडतात. परंतु क्रमात सत्य पहिले आहे, आणि नेमका तोच पहिला क्रमांक आपण गाळतो.

आता क्रूसाकडे वळू. अमेरिकेतील व्होग मासिकाची सूत्रे हाती घेतल्यावर ॲना विंटूर यांनी काढलेला पहिला अंक नोव्हेंबर १९८८चा. त्याच्या मुखपृष्ठावर मिखाएला बर्कू ही इस्रायली तरुणी हसत उभी आहे. अंगात ख्रिस्तियान लाक्रवा यांचे जाकीट आणि त्यावर छातीभर खड्यांचा लखलखता क्रूस. जाकिटाची किंमत दहा हजार डॉलर. खाली पन्नास डॉलरची जीन्स. उंची आणि स्वस्त यांचा हा संगम म्हणजे फॅशनमधील क्रांती, असे आजवर शेकडो वेळा लिहिले गेले आहे. क्रांतीचे कारण मात्र साधे होते. जाकिटाबरोबरचा स्कर्ट त्या मुलीला झाला नाही. सुटीत तिचे वजन थोडे वाढले होते, असे खुद्द विंटूरबाईंनीच पुढे सांगितले आहे. छापखान्यातून विचारणा आली की हे चित्र चुकून तर आले नाही ना? जीन्सची चूक छापखान्याच्या लक्षात आली. क्रूस तिथे काय करीत आहे, हे कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्यावर प्रभूने प्राण ठेवला ते लाकूड दहा हजार डॉलरांच्या जाकिटावरचा बिल्ला झाले, आणि आपण अजून गुडघे मोजीत आहोत.

हे सारे न्यूयॉर्क-पॅरिसचे व्यवहार. मावळातल्या माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी कृपया पुण्याची लोकल धरून मळवली स्थानकावर उतरावे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप चित्रांचा छापखाना काढला. प्लेगने मुंबईत हाहाकार मांडला, आणि १८९९ साली तो छापखाना लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला आला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन मुद्रकाने तो विकत घेतला, आणि १९७२ साली आगीत त्याचा अंत झाला. मधल्या काळात या मावळच्या मातीतून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांची चित्रे हिंदुस्थानभर गेली. शेतकऱ्याच्या झोपडीत गेली, सावकाराच्या माडीवर गेली. एकेका रंगासाठी वेगळी शिळा, आणि एका कागदावर रंगावर रंग चढत जात. घेणाऱ्यांतील काही हौशी मंडळी त्या छापील देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवीत. आजच्या भाषेत ज्याला स्टायलिंग म्हणतात ते हेच. देवीचा चेहरा काढण्यासाठी जिवंत स्त्रिया समोर बसल्या होत्या. त्यांचे नाक, त्यांचे डोळे, त्यांची नेसण घराघरांत पोहोचली आणि देवी म्हणजे अशीच, इतकीच गोरी, अशीच साडी नेसणारी, हे लाखो मनांत ठसले. चित्राखाली नाव येई ते रविवर्म्याचे आणि छापखान्याचे.

याच छापखान्यात दादासाहेब फाळके यांनी काम केले, लोणावळ्यात स्वतःचा छापखाना घातला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. तारामतीची भूमिका करावयास स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाचा तरुण लुगडे नेसून उभा राहिला. म्हणजे आपल्या पडद्यावरची पहिली नायिकाच मुळी सजवून घडवलेली होती. मुखपृष्ठांच्या धंद्याला जे दोन चाके लागतात, छापलेला सुंदर चेहरा आणि चित्रपटातील नट, त्या दोन्ही चाकांचा माग आपल्या घाटमाथ्यावरून जातो. तेव्हा हे परक्यांचे पाप आहे असे म्हणून मावळकरांना हात झटकता येणार नाहीत.

मळवलीलाच उतरलेला माणूस कार्ल्याचा डोंगर चढतो. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या दोन्ही अंगांना, दगडात कोरलेली जोडपी उभी आहेत. पुरुषांची पागोटी भरघोस, स्त्रियांच्या हातापायांत कडी, कमरेला मेखला, कापड अगदी बेताचे. आमच्या फीतवाल्या बंधूंनी तिकडे जाऊ नये हे बरे. परंतु दोन हजार वर्षांमागच्या या दर्शनी पृष्ठावर लेखही कोरलेले आहेत. धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दाराचे दान दिले, असे एक लेख सांगतो. आणि दुसरा सांगतो की धेनुकाकटाचाच सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने हे दार घडवले. पैसे देणाऱ्याचे नाव आहे आणि करवत चालवणाऱ्याचेही, बापाच्या नावासकट. तो गंधी आजच्या हिशोबाने सौंदर्यप्रसाधनांचा व्यापारीच की. आज त्याने एखादे मुखपृष्ठ पुरस्कृत केले असते तर सामी सुताराचे नाव कोठे सापडले असते?

मराठी नियतकालिकांनीही हा साधा धर्म एकेकाळी पाळला होता. गोव्याचे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे आमच्या पिढीने दिवाळी अंकांवर पाहिली. त्यांतल्या सगळ्या नायिका एकाच साच्याच्या, एकाच टपोऱ्या डोळ्यांच्या, हा आक्षेप खरा आहे. पण कोपऱ्यात सही असे. हे एका माणसाने कुंचल्याने काढलेले आहे, ही त्याच्या मनातली स्त्री आहे, हे त्या सहीने कळे; आणि कोणतीही शहाणी मुलगी आरशात पाहून आपण दलालांच्या चित्रासारख्या का नाही म्हणून रडली नाही. छायाचित्राने ती सही पुसली. छायाचित्र खरे असते, अशी आपली भाबडी श्रद्धा; त्या श्रद्धेवर हा धंदा उभा आहे.

व्होगची भारतीय आवृत्ती २००७ साली निघाली. पहिल्या मुखपृष्ठावर बिपाशा बसू, प्रियांका चोप्रा आदी भारतीय चेहरे होते, आणि त्यांच्या मधोमध जेमा वॉर्ड ही गौरवर्णी ऑस्ट्रेलियन मॉडेल. दहा वर्षे पुरी झाली तेव्हा, मे २०१७च्या अंकावर, केंडल जेनर ही अमेरिकन तरुणी आली. त्यावर टीका झाली आणि विरली. परंतु आमच्या मुद्द्याला सर्वांत जवळची गोष्ट मुखपृष्ठाच्या आत होती. ऑगस्ट २००८च्या अंकात खेड्यातील गरीब माणसांच्या हाती परदेशी चैनीच्या वस्तू देऊन छायाचित्रे काढलेली होती. एका वृद्धेच्या मांडीवरच्या बाळाच्या गळ्यात फेंडीचे लाळेरे, एका अनवाणी माणसाच्या हाती बर्बेरीची छत्री. गरिबीची थट्टा म्हणून देशात आणि परदेशांतही बोभाटा झाला. आम्हांला मात्र त्या थट्टेपेक्षा चित्राखालच्या ओळी अधिक बोचतात. छत्रीचे नाव दिले होते, लाळेऱ्याचे नाव दिले होते. माणसांना नाव नव्हते. एक बाई, एक पुरुष. संत याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा देणाऱ्या आणि मळक्या वस्त्रांतल्याला पायांशी बसवणाऱ्या मंडळीला झोडपले आहे. अंगठी पाहून जागा देणे जुने. अंगठीचे नाव छापून माणसाचे गाळणे, हे आमच्या काळाने वाढवलेले.

नाही म्हणावयास एक अपवाद सांगणे न्यायाचे होईल. पॅरिसच्या कित्येक नामांकित घराण्यांचे भरतकाम वर्षानुवर्षे मुंबईतील कारागिरांच्या हातून होत आले आहे आणि त्याचा उच्चार क्वचितच झाला. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने गेटवे ऑफ इंडियापाशी आपले प्रदर्शन भरवले तेव्हा चाणक्य या मुंबईच्या भरतकाम संस्थेचे नाव उघडपणे पुढे आणले गेले. संस्थेचे नाव आले ही पहिली पायरी झाली.

आता आपल्या घरांत शिरू. एकेकाळी ही मासिके रेल्वे स्थानकावरच्या स्टॉलवर टांगलेली असत, आणि विकत घेण्याची ऐपत नसलेली मुलगी गाडी येईपर्यंत ती पाहून घेई. गाडी आली की चित्र मागे राही. आता मुखपृष्ठ अंक छापून येण्याआधीच मोबाइलवर येते आणि उशाशी झोपते. चौदा-पंधरा वर्षांची पोर स्वतःचे छायाचित्र काढते, बोटाच्या एका स्पर्शाने वर्ण उजळते, नाक निमुळते करते आणि मग ते मैत्रिणींना धाडते. मूळचा चेहरा ती कोणाला दाखवीत नाही. आईने विचारले तर उत्तर मिळते, “मम्मी, तो फोटो चांगला नाही आला गं.” फोटो उत्तम आलेला असतो. तो आजीच्या वळणावर गेलेला असतो एवढेच. सावळ्या रंगाला डाग मानून धुऊन काढण्याचे मलम आपल्याकडे १९७५ साली बाजारात आले आणि त्याच्या नावातला गोरेपणाचा उल्लेख काढावयास २०२० साल उजाडावे लागले. नाव गेले, आरशापुढची ती पोर तशीच उभी आहे. तिला आपण काय सांगतो? बाह्या लांब शिव.

रीता फारिया यांची आठवण इथे होते. गोव्याकडच्या कॅथलिक घराण्यातली, मुंबईत वैद्यक शिकणारी ही मुलगी १९६६ साली विश्वसुंदरी झाली. आशियातून तो मान मिळवणारी ती पहिलीच. एका वर्षात तिने तो झगमगाट बाजूला ठेवला, वैद्यकीय शिक्षण पुरे केले आणि पुढे आयर्लंडमध्ये संसार केला. आपल्या मुलींना तिच्या मुकुटाची गोष्ट ठाऊक असते. तो मुकुट खाली ठेवल्यानंतरच्या वर्षांची गोष्ट सांगणे आपल्याला जमलेले नाही.

ख्रिस्तसभा या मोहापासून अलिप्त राहिली आहे, असा आव आणण्याचे कारण नाही. २०१८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कॅथलिक कल्पनाविश्व आणि फॅशन या विषयावर मोठे प्रदर्शन झाले. व्हॅटिकनने सिस्टीन चॅपेलच्या वस्त्रागारातून सुमारे चाळीस वस्तू त्यासाठी दिल्या. सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. उद्घाटनाच्या रात्री रिहाना ही गायिका मोत्यांनी मढवलेली, महागुरुस्वामींच्या शिरोभूषणासारखी टोपी घालून आली आणि जगभरच्या पडद्यांवर ते चित्र झळकले. आपल्यातले अनेक दुखावले. आम्हांला त्या टोपीचा फारसा राग आला नाही. धर्मगुरू वेदीवर चढताना झगा घालतो तो स्वतः झाकला जावा म्हणून. त्याची शर्ट-पँट, त्याचे पोट, त्याची ऐपत त्या झग्याखाली नाहीशी होते. रिहानाच्या टोपीने त्याच्या उलटे केले, हे कोणालाही दिसते, आणि दिसते त्याचा धोका कमी. आम्हांला खटकले ते दुसरेच. त्या प्रदर्शनात नववे पायस यांना मिळालेला उपासनावस्त्रांचा एक संच होता. तो घडवण्यास पंधरा कारागिरांना सोळा वर्षे लागली. भेट देणाऱ्या ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे; सुई धरणारे हात ‘पंधरा’ या आकड्यात मावले. मासिकांना दोष देताना हा आकडा आपण विसरू नये.

पवित्र शास्त्र सजण्याच्या विरोधात आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी निर्गमाचा ग्रंथ पुन्हा उघडावा. अहरोनाच्या वस्त्रांचे, त्यांतील निळ्या-जांभळ्या सुताचे, सोन्याच्या घुंगरांचे वर्णन तिथे पानेच्या पाने चालते. आणि त्याबरोबर बसालेल व अहलियाब ही कारागिरांची नावे येतात, वडिलांच्या नावांसह, वंशासह. बकऱ्याच्या केसांचे सूत कातणाऱ्या स्त्रियांचीही तिथे आठवण ठेवली आहे. प्रेषितांच्या कृत्यांत यापोची टबीथा आहे. ती मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्रापुढे रडत रडत तिने शिवलेले अंगरखे मांडले. नव्या करारात कपडे उचलून दाखवल्याचा एवढा एक प्रसंग आमच्या ध्यानात राहिला आहे, आणि तिथे प्रत्येक अंगरखा शिवणारीचे नाव सांगत होता.

आणि आपण? लोणावळा, खंडाळा, तळेगाव, कामशेत येथल्या आपल्या कुटुंबांत लग्न ठरले की आता पहिला प्रश्न पवना धरणाच्या काठावर की टायगर पॉइंटवर, हा असतो. लग्नाआधीच्या छायाचित्रणासाठी मुंबई-पुण्याची जोडपी आपल्या डोंगरांत येतात, ती येवोत. त्यावर इथल्या चार मुलांचे पोट चालते आणि त्यांच्या पोटावर पाय देण्याची आमची इच्छा नाही. परंतु आपलीच मुलगी भाड्याचा लांबलचक झगा घालून, पाठीमागे चिमटे लावून, वाऱ्यावर ओढणी धरणाऱ्या पोराला चौकटीबाहेर उभे करून मासिकातल्यासारखी दिसू पाहते, तेव्हा बापाने पतपेढीतून काढलेले कर्जही चौकटीबाहेरच उभे असते. मग लग्नाच्या दिवशी देवळात वधू येते ती त्या छायाचित्राची नक्कल करीत.

याहूनही वाईट वाटते ते प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी. आठ-नऊ वर्षांच्या मुली. पाच थरांचे झगे, हातमोजे, डोक्यावर खड्यांचे मुकुट, ओठांना रंग. नाकापेक्षा मोती जड. रांगेत एखादी साध्या पांढऱ्या फ्रॉकमधली असते, बहुधा आई धुणीभांडी करणारी किंवा बाप बंगल्यावर राखणदार असलेली. ती सगळ्या उपासनेत आपले हात फ्रॉकवर ठेवून बसते, तो झाकावा तसा. छायाचित्रकार वेदीच्या पायरीपर्यंत येतो आणि मुलांना जीभ बाहेर काढून पुन्हा एकदा उभे राहावयास सांगतो, कारण पहिल्या वेळी प्रकाश नीट पडला नव्हता. नंतर त्या छायाचित्रांचे मासिकासारखे गुळगुळीत पुस्तक निघते. मुखपृष्ठावर मुलीचे नाव, आणि गाल संगणकावर उजळलेले. आठव्या वर्षी आपण तिला सांगून टाकतो की देवाच्या भेटीला आलेला तुझा चेहरा पुस्तकावर घालण्याजोगा नव्हता. या बाबतीत कोणत्याही मासिकाच्या संपादिकेला दोष देता येणार नाही. हे आपण स्वतःच्या पैशाने केले.

म्हणून धर्मग्रामांच्या कार्यकारिणींपुढे आमची मागणी साधी आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी सर्व मुलामुलींना एकच पांढरा सुती झगा असावा. तो धर्मग्रामातल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांकडून रीतसर मजुरी देऊन शिवून घ्यावा, आणि पुढल्या वर्षीच्या मुलांसाठी धुऊन ठेवावा. शिवणाऱ्या बायांची नावे त्या दिवशीच्या उपासनापत्रिकेत गायकवृंदाच्या नावांशेजारी, पूर्ण नावे, छापावीत. छायाचित्रकार एकच असावा, त्याने मागल्या बाजूस उभे राहावे आणि कोणाचाही वर्ण बदलू नये. ज्या पालकांना आणखी हौस असेल त्यांनी ती घरी करावी. हा आमच्या आनंदावर घाला आहे, असे काही माता म्हणतील. त्यांनी त्या रांगेतल्या साध्या फ्रॉकच्या आईशेजारी एकदा बसून पाहावे आणि मग बोलावे. एकच माप सगळ्यांना कसे होईल, हाही प्रश्न येईल. तीन मापे पुरतील. कोणाला झगा थोडा सैल होईल. होऊ द्यावा, पाठीमागे चिमटे लावू नयेत.